भरिताचे बी

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात एका निवृत्त शिक्षक सभासदाने केलेले भाषण)



आपल्या भागातील अन्नपदार्थांविषयी चार शब्द बोलण्याची आज्ञा मंडळाने मला केली, याबद्दल मी ऋणी आहे. मी मॅट्रिक झालेला एक साधा प्राथमिक शिक्षक. उभा जन्म मुलांना पाढे शिकविण्यात गेला. तेव्हा माझ्याकडून विद्वत्तेची अपेक्षा आपण ठेवू नये. जे चाखले, जे पाहिले आणि माझ्या निष्काळजीपणाने जे गमावले, तेवढेच सांगणार आहे.

उत्तरेस सातपुडा, मधून वाहणारी तापी आणि दोहों तीरांस काळी कसदार जमीन, असा हा आपला रावेर, यावल, भुसावळ व जळगावचा मुलूख. १९३६ साली ग्रामीण भागातील काँग्रेसचे पहिले अधिवेशन याच मुलखात, फैजपुरास भरले. आपली केळी देशभर जातात. त्या केळीस आणि आपल्या भरिताच्या वांग्यास २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ही अभिमानाची गोष्ट खरी. परंतु मानांकनाने नाव राखले जाते, बी राखावे लागते ते आपणांसच.

आपल्या पंगतीचे वैभव मी आपणांस काय सांगावे! आखाजीस आमरसाबरोबर वाढले जाणारे पुरणाचे मांडे, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर झेलीत पार कोपरापर्यंत पसरवून तापल्या खापरावर टाकणारी सुगरण, लग्नकार्यातील वरण-बट्टी आणि तिच्या जोडीची घोटलेली वांग्याची भाजी, हे सारे आपण जाणताच. आज मी एका भरितापुरतेच बोलतो.

बामणोद आणि आसोदे ही गावे या वांग्यासाठी प्रसिद्ध आहेत. आसोदे म्हणजे कवयित्री बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांचे माहेर. हे वांगे हिरवट-पांढरे, लांबोडे आणि अंगाने भरदार. त्यात बी थोडे व गर पुष्कळ. साल पातळ असल्याने भाजल्यावर सहज सुटते. चंपाषष्ठीस खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य झाला की शेताशेतांतून भरिताचे बेत सुरू होतात. कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळल्या काड्या पसराव्यात, टोचे मारलेली वांगी त्यांवर ओळीने मांडावीत, वरून पुन्हा काड्या घालून जाळ करावा. टोचे मारले नाहीत तर वांगे फुटून गर राखेत जातो. लांब काठीने ती परतावी लागतात. काड्यांचा जाळ झपाट्याने पेटतो, म्हणून तेथे नजर हटवून चालत नाही. भाजलेली वांगी सोलून लाकडी काठवटीत ठेचावयाची. मग हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कांद्याची पात, कोथिंबीर आणि तेलाची सढळ फोडणी. जोडीस कळण्याची भाकरी. आमच्या घरी चार वाट्या ज्वारीस एक वाटी अख्खे उडीद व चवीपुरते मीठ घालून कळण्याचे दळण होई. केळीच्या पानावर हे वाढले की मालक आणि सालदार एकाच ओळीत बसून जेवत.

आता माझ्या अपराधाकडे येतो.

माझी आई दरवर्षी झाडावरचे एक उत्तम वांगे निवडून त्यास लाल चिंधी बांधी. त्यास कोणी हात लावावयाचा नाही. ते पिकून पिवळे झाले की त्याचे बी काढून, धुऊन, राखेत घोळून सावलीत वाळवी आणि वाळल्या भोपळ्यात जपून ठेवी. ती गेल्यावर दोन वर्षांनी आम्ही घर नवे बांधले. अडगळ काढताना तो भोपळा मी स्वतः उकिरड्यावर टाकला. 'बाजारात रोपे मिळतात, हे कशाला सांभाळावयाचे?' असे मी म्हणाल्याचे मला आजही आठवते. मुलांना 'थेंबे थेंबे तळे साचे' शिकविणारा मी, माझ्या हातून पिढ्यांची साठवण अशी गेली.

पुढील हंगामात विकतच्या रोपांची वांगी आली. दिसावयास गोंडस, पण भाजल्यावर पाणी सुटले आणि बी दातांखाली येऊ लागले. माझे वडील दोन घास खाऊन उठले. ते काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते.

पुढे एका लग्नात आजोळची मामी भेटली. तिच्यापाशी मी ही कबुली दिली. महिन्याभराने ती पदराला गाठ मारून घरी आली. गाठ सोडली, तर आत मूठभर बी! ती म्हणाली, "भाऊ, हे तुझ्या आईनंच मला दिलं होतं. आता तुझं तू ने." आईने जे घरात जपले ते माझ्यामुळे नष्ट झाले, तिने जे दुसऱ्यास दिले, तेवढेच उरले.

बंधुभगिनींनो, मला एवढेच सांगावयाचे आहे. बियाणे दिल्याने कमी होत नाही. दिल्यानेच ते टिकते. शिवाय हे धन केवळ आपल्या ज्ञातीचे आहे, असेही कोणी मानू नये. खापर घडविणारा कुंभार, निंदणी-खुरपणी करणाऱ्या मजूर स्त्रिया, रात्री पाणी देणारा सालदार यांच्या हातांवाचून आपली पंगत उठली नसती. त्यांच्याही घरी हे बी पोहोचले पाहिजे.

म्हणून माझ्या तीन नम्र सूचना आहेत. पुढील संमेलनात ज्या घरी जुने बी असेल, त्यांनी त्याची एकेक पुडी आणावी आणि मागेल त्यास, जात न विचारता, द्यावी. बी धरावयाच्या झाडांशेजारी दुसऱ्या जातीची वांगी लावू नयेत. कीटकांमुळे परागसंकर होऊन वाण बिघडतो. आणि ज्या माताभगिनींच्या हातांत मांड्यांची कला आहे, त्यांच्यापाशी सुनांनी व मुलींनीच नव्हे, तर मुलग्यांनीही चार दिवस बसावे.

गेल्या हंगामात माझ्या नातवाने वाफ्यातील एका वांग्यास लाल चिंधी बांधली. गाठ सैल होती; मी ती घट्ट केली. माझ्या हातून झालेल्या चुकीचे परिमार्जन एवढ्याने होत नाही, हे मी जाणतो. पण सुरुवात झाली आहे.