बोअरची मोटर काढताना

उन्हाळा आला की आपल्या धाराशिवकडं गावोगावी बोअरच्या मोटरी वर निघतात. तीन पायांचा घोडा, चेन कुप्पी, चार पोरं. आज वजनाचं बोलू. सव्वा इंची, मध्यम जाडीचा 300 फूट लोखंडी पाइप म्हणजे जवळपास 280 किलो. व्हॉल्व्हनं आत पाणी धरून ठेवलं तर आणखी 90-95. शिवाय मोटर! अर्ध्या टनाची कुप्पी इथंच भरत आली. आणि मोटर गाळात रुतली असली तर? एक टनाचीच आणा.

साखळी एकट्याला ओढेना, तर दुसरा गडी लोंबकळवू नका, थांबा. हुकाचं तोंड फाकलंय का बघा. साखळीला हलकं तेल चालतं, ब्रेकला अजिबात नाही. तिथं तेल गेलं की भार घसरतो. आणि पाइपाला क्लॅम्प पक्का बसल्याशिवाय हूक सोडायचा नाही.