घरचा संगणक आणि उपकरणांचे अधिकार



घरच्या संगणकाला नवे उपकरण जोडावे, त्याचा दिवा लागावा, तार पक्की बसलेली असावी आणि तरीही पडद्यावर ‘परवानगी नाकारली’ असा संदेश यावा, हा अनुभव लिनक्स प्रणाली वापरणाऱ्या अनेकांना येतो. उपकरण बिघडले असे समजून ते दुकानात परत नेण्याची घाई केली जाते. वास्तविक हा संदेश बहुधा बिघाडाची नव्हे, तर अधिकाराची वार्ता देत असतो. उपकरण संगणकाला सापडलेले असते; समोरच्या व्यक्तीला ते वापरण्याचा अधिकार तेवढा मिळालेला नसतो.

या व्यवस्थेचे मूळ यूनिक्स प्रणालीत आहे. १९६९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांनी तिचा पाया घातला. एकाच यंत्रावर अनेकांनी काम करावयाचे असल्याने कोणी कशाला हात लावावा, हे ठरविणे आवश्यक होते. उपकरणही फाइलच मानावे, हे या प्रणालीचे वैशिष्ट्य होय. १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी जाहीर केलेल्या लिनक्सनेही हीच पद्धत स्वीकारली. ‘डेव्ह’ नावाच्या फोल्डरमध्ये या उपकरण-फाइली असतात. प्रत्येकीला एक मालक व एक गट असतो आणि मालक, गट व इतर यांचे वाचण्या-लिहिण्याचे अधिकार स्वतंत्रपणे नोंदलेले असतात.

शाळेच्या विज्ञान प्रकल्पासाठी आणलेल्या आर्डुइनो पाटीचे उदाहरण घेता येईल. डेबियन व उबुंटू या प्रणालींत तिच्या फाइलीचा मालक ‘रूट’ म्हणजे मुख्य व्यवस्थापक आणि गट ‘डायलआउट’ असतो. मोडेमवरून दूरध्वनी जोडण्याच्या काळातील हे नाव आजही टिकून आहे. विद्यार्थ्याचे नाव या गटात नसेल, तर पाटीवर प्रोग्राम चढत नाही.

निदान सोपे आहे. ‘एलएस -एल’ या आज्ञेने फाइलीचा गट पाहावा आणि ‘आयडी’ या आज्ञेने स्वतःचे गट पाहावेत. दोहोंचा मेळ बसत नसेल, तर व्यवस्थापकाच्या अधिकाराने ‘यूजरमॉड -एजी डायलआउट’ ही आज्ञा, तिच्यापुढे वापरकर्त्याचे नाव लिहून द्यावी. तीत ‘ए’ हे अक्षर लहान व ‘जी’ मोठे असते. लहान ‘ए’ राहून गेला, तर ती व्यक्ती इतर जोडगटांतून वगळली जाते. व्यवस्थापनाचा गटही त्यांत असल्यास घरच्या संगणकाची किल्लीच हातची जाते. गटांची नोंद लॉगिनच्या वेळी घेतली जात असल्याने बाहेर पडून पुन्हा लॉगिन करणेही अगत्याचे आहे. अनेकांचे प्रयत्न केवळ एवढ्यासाठी फसतात.

काही जण उपकरण सर्वांनाच खुले करून टाकतात. परंतु तार काढून पुन्हा जोडताच ती फाइल नव्याने निर्माण होते आणि ‘यूडेव्ह’ ही यंत्रणा तिला पहिलेच अधिकार परत लावते. काही जण प्रोग्रामच रूटच्या अधिकाराने चालवितात. मग त्या प्रोग्राममधील एखादा दोष साऱ्या संगणकाला भोवू शकतो. नेहमीच्या गटांत न बसणाऱ्या उपकरणासाठी यूडेव्हचा स्वतंत्र नियम लिहिणे, हाच योग्य मार्ग होय.

अधिकार देताना घरातील इतरांचाही विचार झाला पाहिजे. आजच्या बहुतेक लिनक्स प्रणाली पडद्यासमोर बसलेल्या व्यक्तीला कॅमेरा व मायक्रोफोन आपोआप उपलब्ध करून देतात. मात्र ‘व्हिडिओ’ वा ‘ऑडिओ’ गटात कायमचे नाव घातलेली व्यक्ती दुसरीकडून लॉगिन करूनही ती उपकरणे वापरू शकते. त्या वेळी संगणकासमोर घरातील दुसरेच कोणी बसलेले असू शकते. ‘डिस्क’ गटाचा अधिकार तर सर्वांच्या फाइली वाचण्याइतका व्यापक आहे. सोयीसाठी तो कोणालाही देऊ नये.

नकाराचा संदेश आला की तो टाळण्याची वाट शोधण्याऐवजी कोणाला, कोणत्या उपकरणाचा अधिकार हवा आहे, हे प्रथम ठरवावे. तेवढाच अधिकार त्याच व्यक्तीला दिल्यास मुलांचा प्रयोग अडत नाही आणि घरातील प्रत्येकाचा खाजगीपणाही सुरक्षित राहतो.