बारावीचा एक विषय : हिंदुस्थानी संगीत

सीबीएसईच्या अकरावी-बारावीत हिंदुस्थानी संगीत हा इतिहास किंवा भौतिकशास्त्राइतकाच पूर्ण १०० गुणांचा विषय आहे. गायन, स्वरवाद्य आणि तालवाद्य यांतली एक शाखा विद्यार्थी निवडतो. लेखी परीक्षा ३० गुणांची, प्रात्यक्षिक ७० गुणांचे. ही विभागणी योग्यच आहे; राग गळ्यात उतरल्याशिवाय कळत नाही.

गायनाच्या बारावीच्या अभ्यासक्रमातले भैरव, बागेश्री, शुद्ध सारंग आणि मालकंस हे राग पाहिले, तर ही निवड किती विचारपूर्वक केली आहे ते दिसते. भैरव पहाटेचा, शुद्ध सारंग दुपारचा, बागेश्री आणि मालकंस रात्रीचे. भैरवात सातही स्वर लागतात, त्यांतले ऋषभ आणि धैवत कोमल. मालकंसात ऋषभ आणि पंचम वर्ज्य. गंधार, धैवत, निषाद कोमल. पंचमच नसल्यामुळे तानपुऱ्याची पहिली तार मध्यमात लावतात, आणि पंचमाची सवय झालेल्या कानाला हा बदल अंगवळणी पडायला वेळ लागतो. प्रात्यक्षिकात विलंबित आणि द्रुत ख्यालाची मांडणी करावी लागते. हातावर टाळी-खाली दाखवत तालाचे बोलही म्हणावे लागतात.

लेखी भागात शारंगदेवाच्या तेराव्या शतकातल्या ‘संगीतरत्नाकर’ ग्रंथाची ओळख, थोर कलावंतांची चरित्रे आणि स्वरलिपी येते.

प्रत्येक शाळेत हा विषय नसतो. म्हणून पालकांनी दहावीतच चौकशी करावी आणि मुलांचा रोजचा रियाझ तेव्हापासूनच सुरू ठेवावा.