दुफाट्यावरचा अडथळा
(वार्षिक सभेत हृदयरोग विभागाच्या वतीने केलेले भाषण)



अँजिओप्लास्टीनंतर नातेवाईक आम्हांस हमखास विचारतात, "अडथळा दोन्हीकडे होता, मग स्टेंट एकच का? पैसे कमी पडले का?" या प्रश्नाचे उत्तर देणे आमचे कर्तव्य आहे.

हृदयरोहिणीला शाखा फुटते तेथे रक्तप्रवाह दुभंगतो. फाट्याच्या बाहेरील भिंतींलगत तो मंदावतो व नेमका तेथेच मेदाचा थर साचतो. म्हणूनच अँजिओप्लास्टीच्या सुमारे १५ ते २० टक्के रुग्णांत अडथळा फाट्यावर आढळतो. मुख्य रोहिणीत स्टेंट फुगवला की शाखेचे तोंड आक्रसण्याची भीती असते; म्हणून शाखेत आधीच एक तार ठेवली जाते.

दोन्हीकडे स्टेंट बसवणे अधिक सुरक्षित, असे सहज वाटेल. परंतु त्यामुळे फाट्यावर धातूचे थर वाढतात आणि शस्त्रक्रिया लांबते. बहुतेक रुग्णांना एकच स्टेंट पुरतो. शाखेचा प्रवाह खुंटला तरच दुसरा घालावा लागतो. शाखा मोठी असून आत दूरवर रोग पसरला असेल, तर मात्र प्रारंभापासून दोहोंची योजना करतात. काहींना बायपासच हितावह ठरते.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ऑक्टोबर' या युरोपीय चाचणीत गुंतागुंतीच्या फाट्यांवर उपचार करताना रोहिणीच्या आतून प्रकाशकिरणांनी चित्रे घेतली गेली. अशा ओसीटी-साहाय्याने उपचार झालेल्यांत दोन वर्षांत हृदयाच्या गंभीर घटना १०.१ टक्के होत्या. केवळ अँजिओग्राफीवर विसंबलेल्यांत १४.१ टक्के.

फेब्रुवारी २०१७ मध्ये शासनाने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा रुग्णांचा भार हलका झाला. ओसीटीची नळी मात्र एकदाच वापरायची असते व तिचा खर्च वेगळा पडतो. ती हवी असूनही कुटुंबाची ऐपत पाहून आम्ही वापरली नाही, असे प्रसंग घडले आहेत, हे येथे प्रांजळपणे नमूद करतो. देणगीदारांनी या एका खर्चाकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

आप्तजनांना एकच सांगणे: रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या आमच्या सल्ल्याविना बंद करू नका. स्टेंट एक असो वा दोन, त्याचे रक्षण आता तुमच्या हाती आहे.