बाळाला गंधरस



गोव्यात ६ जानेवारीला तीन राजांचे फेस्त होते. रेइश मागूशला तीन मुलगे राजांच्या वेषात येतात. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मात्र ‘तीन’ हा आकडा नाही, ‘राजे’ हा शब्दही नाही. तिथे येतात ते पूर्वेकडचे ‘मागी’, ताऱ्यांचे जाणकार. भेटी तीन, म्हणून आणणारेही तीन, असे पुढे धरले गेले. वस्तूंवरून माणसे मोजली गेली!

त्या वस्तू म्हणजे सोने, धूप आणि गंधरस. त्यांचा अर्थ मत्तय सांगत नाही. तो इ. स. १८० च्या सुमारास इरेनियसने सांगितला: सोने राजाला, धूप देवाला आणि गंधरस मरण पावणाऱ्या मनुष्याला. पहिल्या दोहोंवर थांबायला नको. राजाला नजराणा आणि देवाला धूप हे आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. अडचण तिसऱ्या भेटीची आहे. बारशाला कुणी अंत्यविधीचे सामान आणील का?

यशयाच्या साठाव्या अध्यायात शबाहून उंटांवर लादून सोने आणि धूप येतात. तिथे गंधरस नाही. मत्तय ते जुने चित्र मनात जागे करतो आणि एक वस्तू वाढवतो. माझ्या मते कथेचे सगळे वजन त्या वाढीव वस्तूत आहे. गंधरस म्हणजे केवळ मरण, असे अर्थातच नाही. निर्गमाच्या पुस्तकात अभिषेकाच्या पवित्र तेलात तो पडतो, गीतरत्नात प्रेमिकांच्या अंगाला त्याचा वास आहे. पण शुभवर्तमाने पुढे वाचत गेलो की तो पुन्हा कुठे भेटतो? मार्काच्या पंधराव्या अध्यायात, क्रुसावर चढवण्याआधी देऊ केलेल्या द्राक्षारसात. येशू तो घेत नाही. आणि योहानाच्या एकोणिसाव्या अध्यायात, निकदेमाने प्रेतासाठी आणलेल्या मिश्रणात. त्याचे वजन शंभर लित्रा, म्हणजे आजचे बत्तीस-तेहतीस किलो.

आता भाषेकडे येतो, कारण आपली संस्था भाषेची आहे. हिब्रूत या डिंकाला ‘मोर’ म्हणतात आणि त्या शब्दाचे मूळ ‘कडू’ या अर्थाच्या धातूत आहे. रूथच्या पुस्तकातली नामी दुःखाने स्वतःला ‘मारा’ म्हणवून घेते, ते याच मुळातून. मराठी ‘गंधरस’ शब्दात हा कडवटपणा उरत नाही. विद्यार्थी त्याचा अर्थ ‘अत्तर’ असा लिहितात आणि त्यांचा दोष नाही. शब्दच तसा गोड आहे. तो अनुवादकांनी घडवलेलाही नाही. अमरकोशात ‘बोल’ आणि ‘गंधरस’ हे पर्याय शेजारी शेजारी आहेत. आपण त्यातला सुवासिक तेवढा ग्रंथात घेतला आणि दुसरा काष्ठौषधीच्या दुकानात ठेवला.

तो दुसरा शब्द म्हणजे आपला हिराबोळ. गुग्गुळाच्याच प्रजातीतल्या झाडाचा हा डिंक, चवीला कडूजहर. आणि जुन्या घरांत तो ठाऊक आहे कशासाठी? बाळंतिणीच्या औषधासाठी! मरियेच्या दाराशी कुणी बोळ घेऊन आले असे म्हटले, तर मराठी आजीला त्यात नवल वाटणार नाही. मत्तयाच्या मनात हे होते असा माझा दावा नाही. त्याच्या जगातला बोळ देवळातला, शय्येवरचा आणि थडग्यातला. पण बाळंतघर आणि थडगे या दोन्हींचा वास एकाच शब्दाला येण्याची सोय मराठीत आहे, आणि ती आपण वापरत नाही.

फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोलला १६१६ मध्ये छापले गेले. म्हणजे ख्रिस्तकथा मराठीत येऊन चार शतके झाली. छापील बायबलातला शब्द बदला असे मी म्हणणार नाही. प्रार्थनेत रुळलेल्या शब्दाला हात लावू नये. मात्र पाठ्यपुस्तकाच्या टिपेत ‘गंधरस: एक सुगंधी द्रव्य’ एवढ्यावर थांबू नका. तिथे ‘हिराबोळ, कडू’ हे दोन शब्द घाला, आणि जमले तर वर्गात त्याचा एक खडा आणून मुलांच्या हातात द्या.