गंधकाला अडवणारा पडदा



गंधक स्वस्त आहे. खनिज तेल शुद्ध करताना तो ढिगाने बाहेर पडतो. असा हा गंधक लिथियमच्या जोडीने बॅटरीत घातला, तर तत्त्वतः एका ग्रॅममागे सुमारे 1675 मिलिॲम्पिअर-तास वीज देऊ शकतो. आजच्या मोबाइलच्या बॅटरीतली कोबाल्टची संयुगे याच्या जवळपासही येत नाहीत. 2010 साली ‘झेफिर’ हे मानवरहित सौर विमान ॲरिझोनाच्या आकाशात सलग 14 दिवस उडत राहिले. त्याच्या रात्री लिथियम-गंधक बॅटऱ्यांवरच निघाल्या.

मग या बॅटऱ्या आपल्या खिशात का आल्या नाहीत? कारण गंधक जागेवर राहत नाही. बॅटरी वापरताना त्याची पॉलिसल्फाइड नावाची संयुगे होतात आणि आतल्या द्रवात विरघळतात. बॅटरीच्या दोन विद्युत अग्रांमध्ये पॉलिप्रॉपिलीनचा पातळ पडदा असतो, तोच सेपरेटर. जाडी साधारण 25 मायक्रॉन. त्याच्या छिद्रांतून ही संयुगे सहज पार होतात, पलीकडच्या लिथियमला जाऊन भिडतात, तिथून परत येतात, पुन्हा जातात. दर फेरीला थोडा गंधक वाया जातो.

प्रयोगशाळेत हे डोळ्यांनी बघता येते. आडव्या नळीने जोडलेली दोन काचपात्रे घ्यायची आणि मधोमध पडदा बसवायचा. एकीकडे तपकिरी पॉलिसल्फाइड, दुसरीकडे स्वच्छ द्रव. साधा पडदा असेल तर बघता बघता स्वच्छ बाजूही पिवळी पडू लागते.

आता या पडद्यावरच संस्कार होत आहेत. कोणी त्यावर कार्बनचा थर देतात. तो संयुगांना धरून ठेवतो आणि पुन्हा कामाला लावतो. कोणी नाफिऑन नावाचा पॉलिमर लावतात. त्यातले सल्फोनेट गट ऋणभारित असल्याने ऋणभारित पॉलिसल्फाइडला मागे लोटतात, लिथियमच्या धन आयनांना मात्र वाट देतात. मला हा उपाय विशेष भावतो, कारण इथे निवड छिद्राच्या मापावर नाही, विद्युतभारावर होते. 2022 मध्ये मिशिगन विद्यापीठात निकोलस कोटोव्ह यांच्या गटाने केवलार या कृत्रिम धाग्याच्या नॅनोतंतूंचा पडदा केला आणि बॅटरी चार्जिंगच्या 1000 चक्रांपर्यंत चालेल असे दाखवले.

अशा बातम्या वाचताना एक गोष्ट जरूर विचारावी: पडद्यावरच्या थराचे वजन हिशेबात धरले आहे का? बॅटरीत गंधक चिमूटभर आणि द्रव भरपूर असेल, तर आकडे छान दिसतात. विमानाला किंवा मोटारीला मात्र सगळ्या बॅटरीचे वजन वाहावे लागते.