फायकसची पानगळ
(वसंत व्याख्यानमालेत झाशी येथे दिलेले व्याख्यान)

आज ज्या झाडाबद्दल बोलायचं आहे ते आपल्या शहरातल्या नर्सरीत नुसतं ‘फायकस’ म्हणून मागितलं जातं. बारीक, टोकाशी निमुळती, चकचकीत पानं, खाली झुकलेल्या फांद्या आणि पुष्कळदा तीन रोपांची वेणी घालून वाढवलेलं खोड. शास्त्रीय नाव फायकस बेंजामिना. लिनियसनं १७६७ साली त्याची नोंद केली. वड, पिंपळ, उंबर, अंजीर हे सगळे त्याचे सख्खे भाऊबंद.

या नात्यामुळेच आपला गैरसमज होतो. पिंपळ जुन्या चुन्याच्या भिंतीत कुणी न लावता उगवतो, झाशीच्या उन्हाळ्यात तगतो. वडाचं तर विचारायलाच नको. इथल्या आपल्या शेजारणी ज्येष्ठ अमावास्येला त्याची पूजा करतात, आपल्या मराठी घरच्या बायका पौर्णिमेला. दोन्ही वेळी वड तितकाच हिरवागार असतो. मग त्यांच्याच घराण्यातलं झाड दिवाणखान्यात आणल्यावर पंधरवड्यात पानं का गाळतं? पिंपळ वसंतापूर्वी पानं झाडतो तो त्याचा धर्म आहे. फायकस सदाहरित आहे. तो पानं गाळतो तेव्हा काहीतरी बदललेलं असतं, आणि बहुतेक वेळा बदललेला असतो तो उजेड.

हे नीट समजून घेतलं तर निम्मी काळजी मिटते. भर उजेडात वाढलेलं पान जाड असतं, आकारानं लहान असतं. ते जिवंत ठेवायला झाडाला जितकं खर्चावं लागतं, त्याहून कितीतरी जास्त ते उन्हात कमावतं. तेच पान खोलीच्या कोपऱ्यात आलं की कमाई घटते आणि खर्च मात्र चालूच राहतो. झाड असं पान पोसत बसत नाही, देठाशी सोडून देतं. पुढच्या काही आठवड्यांत ते नवी पानं काढतं. ती पातळ, पसरट आणि कमी उजेडात भागवणारी असतात. म्हणजे ज्या पानगळीला आपण आजार समजतो, ती नव्या जागेशी जमवून घेण्याची खटपट असते.

१९७०च्या दशकात अमेरिकेतल्या फ्लोरिडा राज्यात, अपोप्का इथल्या संशोधन केंद्रात चार्ल्स कोनोव्हर आणि रिचर्ड पूल यांनी याचा कसून अभ्यास केला. विक्रीआधी काही आठवडे झाड सावलीत ठेवून खत-पाणी बेतानं दिलं, तर घरात गेल्यावर त्याची पानगळ पुष्कळ कमी होते, असं त्यांना दिसलं. आपल्याकडे नर्सरीत फायकस उघड्यावर उभा असतो आणि थेट आपल्या सोफ्याशेजारी येतो. तेव्हा नर्सरीच्या हिरव्या जाळीखालचं रोप निवडा. ते उन्हातल्या रोपाइतकं दाट नसेल, तरी तेच घ्या.

आता झाशीकडे येऊ. आपण दिवाळीला रोप आणतो, हॉलमध्ये ठेवतो. डिसेंबरात कोवळं ऊन मिळावं म्हणून गच्चीवर नेतो. जानेवारीत रात्री पारा पाच-सहा अंशांवर उतरला की घाईनं आत आणतो. एप्रिलमध्ये लू सुरू झाली की आणखी आतल्या खोलीत, पावसाळ्यात ओसरीवर. प्रत्येक हलवाहलव मायेपोटीच असते, पण प्रत्येक वेळी झाडाला जुनी पानं टाकून नवी घडवावी लागतात, आणि ती पुरी होण्याआधीच आपण पुन्हा कुंडी उचलतो. अशानं दोन वर्षांत झाडाची साठवण संपते. माझं आग्रहाचं सांगणं एवढंच आहे की पूर्वेच्या खिडकीजवळ एक जागा ठरवा आणि बाराही महिने कुंडी तिथंच ठेवा. सकाळचं ऊन चालतं; पश्चिमेचं ऊन मे महिन्यात पानं भाजतं. रंगकामासाठी कुंडी सरकवावीच लागली, तर काम झाल्यावर त्याच जागी परत आणा.

कूलरचा प्रश्न इथं हमखास विचारला जातो. ४५ अंशांच्या कोरड्या उन्हाळ्यात कूलरची दमट हवा फायकसला मानवते, पण कूलरचा झोत थेट पानांवर नको. हिवाळ्यातल्या हीटरच्या बाबतीतही हेच. कुंडी त्याच्यापासून दूर हवी.

मातीबाबत बुंदेलखंडातल्या शेतकऱ्यांची शहाणीव उसनी घ्यावी. ते आपल्या जमिनीचे चार प्रकार सांगतात: राकड, पडुवा, काबर आणि मार. काबर आणि मार या काळ्या, चिकट मातीत कुंडीतलं पाणी तुंबतं आणि मुळं कुजतात. राकड भरड, खडेवाली. तिच्यात पाणी टिकत नाही. पडुवा मध्यम आहे. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि थोडी जाड वाळू मिसळली की काम होतं. पाणी घालायचा वार ठरवू नका. बोट दोन पेरं मातीत घालून पाहा, कोरडं लागलं तरच खालच्या भोकातून निघेपर्यंत पाणी द्या आणि बशीत साचलेलं ओतून टाका. पानगळ पाहून घाबरून जास्त पाणी घालणं ही सर्वांत घातक माया. पानं कमी झालेलं झाड पाणीही कमी पितं. बोअरच्या पाण्यानं मातीवर पांढरा थर धरत असेल, तर तो खरवडून वरची माती बदला आणि पावसाचं पाणी साठवून वापरा. पाणी रात्रभर बादलीत ठेवल्यानं क्लोरीन उडतो, क्षार तसेच राहतात.

आपल्याभोवती गिट्टीचे क्रशर आहेत आणि धूळ घरात येतेच. पानावर धूळ म्हणजे आधीच कमी असलेल्या उजेडावर आणखी पडदा. ओल्या मऊ फडक्यानं पानं पुसा, खालची बाजूही पुसा, कारण पिठ्या ढेकूण आणि खवले कीड तिथंच लपतात. पानं मधोमध दुमडून शेंगेसारखी दिसू लागली तर आत फुलकिडे आहेत. तेवढी पानं खुडून पिशवीत बांधून टाका. छाटणी आत्ता, वसंताच्या दिवसांतच करावी. चीक निघेल, तो हाताला लागू देऊ नका. त्यानं काहींच्या अंगावर पुरळ येतं, आणि रबराची ॲलर्जी असलेल्यांनी अधिक जपावं. घरात मांजर-कुत्रा असेल तर पडलेली पानं लगेच उचला.

हवा शुद्ध करण्याच्या दाव्याबद्दलही स्पष्ट बोलायला हवं. १९८९ साली नासासाठी बी. सी. वोल्व्हर्टन यांनी बंद पेटीत केलेल्या प्रयोगांत हे झाड होतं, हे खरं. पण २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा फेरहिशेब झाला. साध्या वायुवीजनाइतका परिणाम साधायचा तर दर चौरस मीटरला १० ते १००० झाडं लागतील, असा त्याचा निष्कर्ष निघाला. हवेसाठी खिडकी उघडा. फायकस ठेवायचा तो त्याच्या देखणेपणासाठी आणि घरात एक वाढता जीव असावा म्हणून, आणि तेवढं कारण पुरेसं आहे.

दोन-तीन वर्षांनी मुळं कुंडीत गोल फिरू लागली की एकच माप मोठी कुंडी घ्या. छताला टेकलं तर छाटा. कंटाळून अंगणात लावायचं मनात आलं, तर एवढं ध्यानात ठेवा की मोकळ्या जमिनीत हे झाड तीस मीटरपर्यंत जाऊ शकतं आणि त्याची मुळं फरशी, नळ, पाया यांची पर्वा करत नाहीत. घराच्या भिंतीला, पाण्याच्या टाकीला लागून ते लावू नये. मोठं मैदान किंवा शेताचा बांध मिळाला तर पावसाळ्याच्या सुरुवातीला लावावं, आणि पहिले दोन उन्हाळे त्याला पाणी द्यावं.